गाणं मिळणार नाही

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती. तिथली मोठी मशीनं एकदम फिरायला लागली, की समोरच्या बाईला ‘ती गाडी इकडे ढकल’ एवढं सांगायलाही ओरडावं लागायचं. मावशी विशीत असताना तिथे कामाला लागली आणि आता ती तिथली मुकादम होती. इतकी वर्षं ओरडून ओरडून तिचा आवाज असा कमावला गेला होता, की घरी ती नवऱ्याच्या कानात काही सांगायला गेली तरी शेजारच्यांना ऐकू जायचं. नवरा बस चालवायचा. स्वभावानं अगदी शांत. तो म्हणायचा, “आमच्या घरात गुपित असं काही नाहीच. ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येत नाही.”

खरं तर ती कुणाचीच मावशी नव्हती. तिला एकच धाकटा भाऊ, म्हणजे नात्यानं ती आत्या. पण फुटबॉलच्या मैदानावर पूर्वेकडच्या स्टँडमध्ये उभे राहणारे सगळे तिला मावशी म्हणायचे. शाळेतली पोरंही म्हणायची आणि तिच्यापेक्षा वयानं मोठे, गुडघे धरून पायऱ्या चढणारे म्हातारेही म्हणायचे. कारण हातात कर्णा घेऊन स्टँडचं गाणं ती सुरू करायची. पहिली ओळ तिची एकटीची असे:

“वाऱ्याबरोबर आलो नाही, वाऱ्याबरोबर जाणार नाही...”

आणि मग सगळा स्टँड एका दमात म्हणायचा, “इथेच उभे! इथेच उभे!”

गाणं कुणी केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी एकदा संघ खालच्या लीगमध्ये घसरला, तिकिटं घ्यायला माणूस मिळेना, तेव्हा उरलेसुरले लोक थंडीत कुडकुडत काहीतरी म्हणायला लागले आणि त्याचं गाणं झालं. शेजारी ढोलावर पोस्टमन असायचा. टपाल वाटून वाटून त्याचे पाय गेले होते, पण हात शाबूत होते.

यंदा मात्र आक्रीत घडलं होतं. लीगचा शेवटचा सामना उरला होता आणि संघ दुसऱ्या नंबरवर होता. वरच्या संघापेक्षा फक्त एक गुण कमी. आपण जिंकलो आणि वरचे बरोबरीत जरी अडकले, तरी चषक आपला. मावशी चादरी निवडताना हाच हिशोब घोळवत राहायची. वरच्यांचा गोलकीपर जखमी आहे, त्यांना परक्या मैदानावर खेळायचंय, आपला डावीकडचा बचाव मात्र अजून भोकं पडलेल्या जाळीसारखा.

आणि नेमकी त्याच वेळी देशाची निवडणूक आली होती. सामना शनिवारी आणि मतदान त्यानंतर आठ दिवसांनी, रविवारी. डबा खायच्या खोलीतला टीव्ही एक मिनिट गुणतक्ता दाखवायचा आणि दुसऱ्या मिनिटाला कुठल्या पक्षाला किती जागा मिळतील ते. मावशीच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ व्हायची. ती म्हणायची, “आपल्या लीगचं एक बरं आहे. तिथे हरलेला संघ दुसऱ्या दिवशी जाऊन जिंकलेल्याच्या मांडीवर बसत नाही, आणि ‘मी पण चॅम्पियन’ म्हणून मिरवत नाही.” बायका हसायच्या. पण निवडणुकीचा विषय तिथे हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सरकारनं हॉस्पिटलची धुलाई बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. सरकार टिकलं तर लाँड्रीला कुलूप. विरोधी पक्ष म्हणत होता, आम्ही हे होऊ देणार नाही. त्या पक्षानं इथून तिकीट दिलं होतं मावशीच्याच क्लबच्या अध्यक्षांना. त्यामुळे मत कुणाला द्यायचं याचा तिला विचारच करावा लागला नव्हता.

सामन्याच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी भाऊ घरी आला. तो अध्यक्षांच्या पक्षाचं काम करायचा. निवडणूक लागल्यापासून त्याचा आवाज बसला होता आणि चेहऱ्यावर तेज आलं होतं.

“ताई, तुझ्याकडे एक मोठं काम घेऊन आलोय,” तो खुर्ची ओढत म्हणाला.

“काम असल्याशिवाय तू येतोस कधी? चहा घे आधी.”

“शनिवारी सगळ्या देशाचं लक्ष आपल्या मैदानावर असणार. कॅमेरे तुमच्या स्टँडवर. तू गाणं सुरू करशील ना, तेव्हा फक्त एक शब्द बदलायचा.” तो पुढे वाकला आणि बसलेल्या आवाजात गुणगुणला, “साहेब उभे! साहेब उभे!”

मावशीचा नवरा खिडकीशी बुटांना पॉलिश करत होता. तो खुदकन हसला. “जमलंय की. निवडणुकीला उभेच आहेत ते.”

“तुम्ही गप्प बसा हो,” मावशी म्हणाली. मग भावाकडे वळली. “नाही.”

“अगं, नीट ऐक तरी. प्रत्येक खुर्चीवर आम्ही पक्षाच्या रंगाचा मफलर ठेवणार. फुकट.”

“ऐकलं. नाही.”

“तुझ्या नोकरीसाठीच चाललंय ना हे सगळं? तू काय त्या सरकारवाल्यांना मत देणार आहेस?”

“मत साहेबांनाच देणार. चारचौघींना सांगूनही झालंय. पण पोस्टमन त्या सरकारवाल्यांना देणार आहे. त्याच्या लेकीला त्यांच्या योजनेतून घर मिळालं, त्याचं त्याला बरोबर वाटतं. त्याची बायको गेली, त्यानंतरच्या शनिवारी तो आला आणि ढोल घेऊन नुसता बसून राहिला. आम्ही गायला लागलो तेव्हा कुठे त्याचा हात हलला. त्याला मी आता सांगू, की बाबा रे, तू वाजव, पण हे गाणं तुझं नाही?”

“एका शनिवारचा तर प्रश्न आहे!”

“एकदा बदललं की ते बदललेलंच राहतं.”

भाऊ चहा अर्धा टाकून उठला. दारात म्हणाला, “लाँड्री बंद झाली की गात बस मग.” आणि जिना धडाधड उतरून गेला.

हे बोलणं मावशीला झोंबलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच तिला लाँड्रीतही ऐकावं लागलं. भावानं तिथे कुणाला तरी फोन केला असावा. इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी, मावशीची जुनी मैत्रीण, सगळ्यांदेखत बोलली. दोन तरणी मुलं तिच्या एकटीच्या जिवावर होती. “तुला नवरा कमावता आहे म्हणून हा ताठा परवडतो. आम्ही कुठे जायचं? एक शब्द, अगं, एकच शब्द! त्यानं चार मतं वाढली तर वाढली.”

मशीनचा आवाज होता म्हणून दोघी ओरडूनच बोलत होत्या, आणि ओरडून बोलताना साधी गोष्टही भांडणासारखी वाटते. मावशी म्हणाली, “मी तुझ्याबरोबर दारोदार फिरते. आज संध्याकाळपासून. त्यांचे कागद वाटते, लोकांना लाँड्रीचं समजावून सांगते. तू म्हणशील त्या गल्लीत.”

“आणि गाणं?”

“ते सोडून बोल.”

मैत्रिणीनं तोंड फिरवलं. पण संध्याकाळी सुटल्यावर मावशी खरोखरच तिच्याबरोबर निघाली. दोघी चार मजली इमारतींचे जिने चढत राहिल्या. एका दारात माणसानं विचारलं, “तुम्ही त्या गाणाऱ्या ना? मग साहेबांचं गाणं म्हणा की!” मावशी म्हणाली, “मी चादरींचं सांगायला आलेय,” आणि हॉस्पिटलची चादर उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवावी लागते, घाईत काढली तर पेशंटला काय होऊ शकतं, ते सांगत बसली. मैत्रीण तिच्याशी फारसं बोलत नव्हती. मात्र शेवटच्या जिन्यावर मावशीला धाप लागली तेव्हा तिनं हातातली पिशवी काढून घेतली.

गुरुवारी अध्यक्षांचं बोलावणं आलं. क्लबच्या कचेरीत मावशी पूर्वी कधी गेलीच नव्हती. काचेच्या कपाटात जुने चषक, भिंतीवर मेलेल्या खेळाडूंचे फोटो, आणि कोपऱ्यात मफलरांचे गठ्ठे छताला टेकलेले. अध्यक्ष उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. क्लब बुडत होता तेव्हा यानंच हात दिला होता.

“मावशी, तुम्ही आमचं काम करताय ते कळलं मला. जिने चढताय. उपकार आहेत.”

“उपकार कसले? माझीच नोकरी आहे.”

“मग गाण्याचंच एवढं का अडलं?”

मावशीनं येताना बरंच काही ठरवून आणलं होतं, पण तोंडातून साधंच निघालं. “साहेब, मत तुमचं. गाणं मिळणार नाही.”

अध्यक्षांना हसू आलं. “असं कसं? मी क्लबचा अध्यक्ष आहे ना?”

“क्लबचे आहात. उद्या तुम्ही हरलात, किंवा जिंकून राजधानीला गेलात, तरी आम्हाला तिथेच उभं राहायचंय. त्यात तुम्हाला मत न देणारेही असतील. ते गप्प झाले तर आमचा अर्धा आवाज गेला. आणि शनिवारी पोरांना अर्ध्या आवाजावर खेळवू नका, एवढंच सांगते. चषक इतक्या जवळ कधी आला नव्हता.”

बाजूला उभा असलेला सेक्रेटरी खाकरला आणि म्हणाला, “ढोल आणि कर्णा आत आणायला क्लबची परवानगी लागते, हे मावशींना माहीत असेलच.” अध्यक्षांनी त्याला थांबवलं नाही. मावशीनं ‘नमस्कार’ म्हटलं आणि ती निघून आली.

शनिवारी दुपारी फाटकावर पोस्टमनला अडवलं. ढोल आत जाणार नाही, वरून हुकूम आहे. मावशीच्या हातातला कर्णाही काढून घेतला. फाटकावरचा माणूस ओळखीचा होता. तो खाली बघत राहिला. पोस्टमनचा चेहरा पडला. “माझ्यामुळे झालं हे सगळं. मी घरीच जातो.”

“गेलात तर बघा,” मावशी म्हणाली. “चला वर.”

आत खुर्च्याखुर्च्यांवर मफलर होते. कुणी गळ्यात घातले होते, कुणी पायाखाली टाकले होते. सामना सुरू होण्याआधी स्पीकरवरून कुणा भाडोत्री गायकाच्या आवाजात गाणं वाजलं, ‘साहेब उभे! साहेब उभे!’ स्टँडमधल्या निम्म्यांनी ते उचललं, निम्म्यांनी शिट्ट्या मारल्या. वरच्या रांगेत एकानं दुसऱ्याचा मफलर ओढला, दुसऱ्यानं त्याची टोपी उडवली, आणि इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले लोक एकमेकांची कॉलर धरायला लागले. मैदानावरची पोरं मान वर करून बघत होती. आपलेच लोक आपसांत का भांडताहेत, ते त्यांना कळेना. दहाव्या मिनिटाला डावीकडचा तो भोकांचा बचाव फाटला आणि समोरच्यांचा गोल झाला.

मध्यंतरापर्यंत मावशीनं गाणं सुरू केलंच नाही. आजूबाजूचे समजले की ती खचली. तिला मात्र एक गोष्ट आठवत होती, की चेंडू खेळात असताना मैदानाच्या स्पीकरवरून काही वाजवायचं नाही, असा लीगचा नियम आहे. ती उठली आणि खालच्या रांगेपासून सुरुवात केली. ज्याच्या गळ्यात मफलर होता त्याला म्हणाली, “राजा, घरी जाऊन घाल. मीही त्यांनाच मत देणार आहे.” ज्यानं मफलर तुडवला होता त्याला म्हणाली, “उचल तो. कुणीतरी विणलाय. घडी करून खुर्चीखाली ठेव.” काहींनी ऐकलं. एकानं तिला शिवी हासडली. ती पुढच्याकडे गेली. वरच्या रांगेत तिला भाऊ दिसला. तो मफलरांचा गठ्ठा कवटाळून उभा होता. दोघांची नजरानजर झाली. ती तशीच खाली जाऊन कठड्याशी उभी राहिली.

शिट्टी झाली. चेंडू हलला. स्पीकर गप्प झाले.

“वाऱ्याबरोबर आलो नाही...”

कर्ण्याशिवाय तो आवाज आधी बारीकच वाटला. तिनं डोळे मिटले आणि समोर मशीनं फिरताहेत, पलीकडच्या बाईपर्यंत पोचवायचंय, असं समजून पोटातून काढला.

“...वाऱ्याबरोबर जाणार नाही!”

दोन-चारच जण म्हणाले, “इथेच उभे.” तिनं पुन्हा म्हटलं. तेवढेच जण पुन्हा. तिसऱ्या वेळी पोस्टमन कठड्याच्या लोखंडी पत्र्यावर दोन्ही तळहात आपटायला लागला, धाड, धाड, धाड, आणि मागून मैत्रिणीचा आवाज आला. ती आयुष्यात कधी सामन्याला आली नव्हती. आज का आली होती, कुणास ठाऊक. पण आवाज त्याच लाँड्रीतला होता. मग रांगा उभ्या राहत गेल्या. मफलरवाले उभे राहिले, शिट्ट्या मारणारे उभे राहिले. मघाशी ज्याची टोपी उडाली होती, तो टोपी हातात घेऊन गात होता.

कॉर्नरवरून आपल्या सेंटर हाफनं डोकं घातलं आणि बरोबरी झाली. सगळा स्टँड एकमेकांच्या अंगावर पडला, आणि तेवढ्यात, चेंडू मधल्या वर्तुळात नेला जात असताना, स्पीकरवर ते भाडोत्री गाणं पुन्हा फुटलं. स्टँडचा आवाज असा खर्रकन कापला गेला, की लोक थबकले. मग हजारो माणसांच्या माना समोरच्या स्टँडवरच्या, अध्यक्षांच्या काचेच्या खोलीकडे वळल्या. कुणी ओरडलं नाही. नुसते बघत राहिले. काचेआड अध्यक्ष उभे होते. त्यांनी मागे वळून हातानं काहीतरी खूण केली आणि स्पीकर बंद झाला. त्यांना लाज वाटली की त्यांनी मतांचा अंदाज घेतला, यावर पुढे कित्येक दिवस वाद झाले. मावशीला त्यात पडायचं नव्हतं. तिनं पुढची ओळ घेतली.

शेवटच्या पाच मिनिटांत दुसरा गोल झाला. संघ जिंकला. मग सगळे फोनभोवती गोळा झाले. वरच्यांचा सामना अजून चालू होता, बरोबरीत होता. पोस्टमन डोळे मिटून पुटपुटत होता. आणि मग कुणीतरी फोन खाली केला. तिकडे अगदी शेवटी पेनल्टी मिळाली होती. वरचे जिंकले होते. एका गुणानं चषक गेला होता.

तरणेताठे पुरुष रडले. मावशीच्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं. खेळाडू माना खाली घालून आत जायला निघाले होते. ती ओरडली, “अरे, कुठे निघालात? इकडे या!” गोलकीपर आधी वळला, मग बाकीचे. ते कठड्याशी आले आणि कुणीही घरी न जाता, बराच वेळ, खेळाडू आणि लोक एकमेकांसाठी टाळ्या वाजवत राहिले.

मतदानाच्या रविवारी मावशी आणि तिचा नवरा शाळेत मत देऊन आले. फाटकाबाहेर पक्षाच्या टेबलाशी भाऊ बसला होता. आठ दिवस त्यानं फोन केला नव्हता.

“दिलंस?” त्यानं विचारलं.

“दिलं. तुझ्या साहेबांनाच.”

“आपल्या साहेबांना म्हण की.”

“तेवढं अजून नाही,” ती म्हणाली आणि त्याच्या समोरची पाण्याची बाटली उचलून घटाघटा प्यायली. “उद्या जेवायला ये. आवाजासाठी काढा करून ठेवते.” तो आला. गाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. नव्या स्ट्रायकरवरून मात्र जाम वाजलं.

अध्यक्ष निवडून आले. पण त्यांच्या पक्षाला बहुमत मिळालं नाही. तीन लहान पक्षांची मनधरणी करत त्यांचं सरकार कसंबसं उभं राहिलं, आणि त्यातल्या एका पक्षाला हॉस्पिटलची धुलाई बाहेरच द्यायची होती. लाँड्रीचा निर्णय रद्द झाला नाही. तो ‘फेरविचारासाठी’ ठेवला गेला. डबा खायच्या खोलीत बायका कपाळाला हात लावून बसल्या. रोलरवाली मैत्रीण म्हणाली, “आपण नुसत्या बसून राहिलो तर हा विचार व्हायचाच नाही. कुणीतरी जाऊन त्यांना गाठायला हवं. मावशी, तू चल. मी येते बरोबर.”

साहेबांच्या नव्या कचेरीत भिंतींना अजून रंगाचा वास होता. बाहेर बसलेल्या तरुणीनं सांगितलं, साहेब बैठकीत आहेत, वेळ लागेल. मावशीनं विचारलं, “खुर्च्या दोनच आहेत का? आमच्या आणखी बायका खाली आहेत.” थोड्याच वेळात सगळ्या जिन्यात, दारात, खिडकीखाली बसल्या. कुणी स्वेटर विणत होतं, कुणी डबा उघडला. दुपारी दार उघडलं. साहेबांनी मावशीला ओळखलं आणि त्यांचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला.

“बोला,” ते म्हणाले.

“फेरविचार कधी आणि कोण करणार, ते विचारायला आलोय. मंत्र्यांशी तुमचं बोलणं झालंय का?”

“होईल. या महिन्यात नक्की.”

“आत्ता फोन लावा ना. आम्ही थांबतो.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, जिन्यातल्या बायकांकडे पाहिलं. मग मुकाट्यानं खुर्चीत बसले आणि फोन उचलला. पलीकडून आधी कुणी घेईना. मावशी हलली नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. शेवटी मंत्र्यांच्या माणसानं पुढच्या बुधवारची वेळ दिली, आणि लाँड्रीच्या दोन प्रतिनिधींना आत घ्यायचं कबूल केलं. फोन ठेवून साहेब म्हणाले, “मीही येईन बुधवारी.”

“या,” मावशी म्हणाली. “चादरी कशा धुतात ते त्यांना आम्ही सांगू. मतांचं तुम्ही सांगा.”

बाहेर पडल्यावर मैत्रिणीनं विचारलं, “होईल का गं काही?”

“बुधवारपर्यंत सगळ्यांच्या सह्या व्हायला हव्यात, नर्सबाईंच्यासुद्धा,” मावशी म्हणाली. “वरच्या वॉर्डपासून सुरुवात करू.” आणि दोघी दुपारची पाळी गाठायला झपाझप चालू लागल्या.